नोव्हेंबरची इमेज, जानेवारीतला पेच : नागपूरच्या एका संगणक लॅबचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरातली एक शिक्षणसंस्था. कनिष्ठ महाविद्यालय, त्याच आवारात संगणक टंकलेखन केंद्र, आणि दोघांच्या वाट्याला एकच लॅब. संस्थेची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र होता तसाच ठेवला आहे.

लॅबमध्ये साठेक संगणक. त्यातले चाळीस २०२४ च्या पावसाळ्यात घेतलेले, दोन वेगवेगळ्या मॉडेलचे. उरलेले जुने, विंडोज ११ ला लागणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत न बसणारे, म्हणून विंडोज १० वरच राहिलेले. सकाळी आणि संध्याकाळी टंकलेखनाच्या बॅचेस चालतात. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेसाठी मराठी ३०, मराठी ४०, तसंच इंग्रजी. दुपारी अकरावी-बारावीची प्रात्यक्षिकं. आणि अधूनमधून रविवारी ऑनलाइन परीक्षा घेणाऱ्या एका एजन्सीला लॅब भाड्याने दिली जाते. फीमधून लॅबचा खर्च कसाबसा निघतो. हातात चार पैसे पडतात ते या रविवारच्या भाड्यातून. पुढे जे घडलं त्यात हा भाग महत्त्वाचा आहे.

नव्या संगणकांवर विंडोज ११ ची २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातली) आवृत्ती टाकायचं ठरलं होतं. संस्थेकडे शैक्षणिक व्हॉल्यूम परवाना (अनेक संगणकांसाठी एकत्र) होता, त्यामुळे एकच इमेज, म्हणजे विंडोजची जशीच्या तशी टाकता येणारी तयार प्रत, बनवून सगळीकडे टाकायला परवान्याची आडकाठी नव्हती. पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मूळ इमेज घेतली, तिच्यात तोवर आलेलं ऑक्टोबरचं सुरक्षा अपडेट घातलं, मराठी कीबोर्ड जोडला आणि पेनड्राइव्हवरून चाळीसही मशीनवर विंडोज टाकली. हेतू चांगलाच होता. शंभर एमबीपीएसच्या कागदी वेगाच्या जोडणीवर चाळीस संगणक एकाच वेळी अपडेट ओढायला लागले, तर दोन दिवस लॅब बंद ठेवावी लागते. अपडेट आधीच इमेजमध्ये असलं की हा ताप वाचतो.

अडचण

जानेवारी २०२५ मध्ये परीक्षा एजन्सीचा माणूस नेहमीच्या तपासणीला आला. त्याने दोन मशीनवर ‘विनव्हर’ ही विंडोजची आवृत्ती दाखवणारी खिडकी उघडली आणि बिल्ड क्रमांक (कोणतं अपडेट बसलंय ते सांगणारा आकडा) वहीत टिपला : २६१००.२०३३. हा ८ ऑक्टोबर २०२४ चा बिल्ड. त्याच्या तपासणी-यादीत ‘चालू महिन्याचं किंवा मागच्या महिन्याचं सुरक्षा अपडेट’ अशी अट होती. मध्ये नोव्हेंबर आणि डिसेंबर, असे दोन मासिक टप्पे उलटून गेले होते आणि १४ जानेवारीचा तिसरा नुकताच आला होता. त्याने शेरा मारला : अपडेट केल्याशिवाय पुढचं परीक्षा केंद्र मिळणार नाही.

लॅब असिस्टंट चक्रावला. अपडेट बंद केलेली नव्हती. सेवा चालू होती. तो म्हणाला ते वाक्य मी जसंच्या तसं देतो, कारण पुढच्या सगळ्या तपासाची दिशा त्यातच होती : “सर, नेट तर बराबर चालून राहिलं. ऑफिसातल्या पीसीनं जानेवारीचं अपडेट कालच घेतलं. मग लॅबनंच काय पाप केलं?”

याला जोडून टंकलेखनाच्या मॅडमची एक वेगळीच तक्रार होती, आणि ती नोव्हेंबरपासून कोणी मनावर घेतली नव्हती. सरावाची कार्यालयीन पत्रं मंगल टंकात बनवलेली. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन मुलींनी तीच फाइल उघडली, तर एकीच्या पडद्यावर पत्र एका पानात बसायचं आणि दुसरीच्या पडद्यावर ओळी भलत्याच ठिकाणी तुटायच्या. फॉन्टच्या खिडकीत मात्र दोन्हीकडे ‘मंगल’च दिसायचं. मुलींना वाटायचं आपलंच काही चुकतंय.

कारण शोधताना

पहिला संशय नेहमीप्रमाणे इंटरनेटवर गेला. असिस्टंटने राउटर बदलून पाहिला, अपडेटच्या तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर रिकामा केला, सेवा पुन्हा चालू केल्या. चार मशीनवर हे सगळं झाल्यावरही काही फरक नाही. पुरवठादाराकडे डिसेंबरमध्येच एकदा विचारणा झाली होती. पण तेव्हा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलेलं, आणि त्यांची सगळी माणसं भाड्याने दिलेले संगणक आणि प्रिंटर सांभाळण्यात गुंतलेली. उत्तर आलं ते ‘अपडेट हाताने डाउनलोड करून टाका’ एवढंच. तेही करून झालं, बसलं नाही.

संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं ते या टप्प्यावर. मला पहिल्यांदा पाहायचा होता तो ऑफिसमधला संगणक. तोही २४एच२ वरच, त्याच जोडणीवर, पण निरोगी. फरक एकच निघाला : तो विंडोज ११ च्या आधीच्या आवृत्तीवरून विंडोज अपडेटमार्फत २४एच२ वर आला होता. लॅबमधले चाळीसही पेनड्राइव्हवरून टाकलेले होते.

इथे नेटचा मुद्दा निकालात निघाला आणि शोध इमेजकडे वळला. २४एच२ च्या ज्ञात अडचणींच्या अधिकृत यादीत ही बाब नोंदलेली होती : ८ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२४ या काळातली सुरक्षा अपडेट्स ज्या यूएसबी किंवा डीव्हीडी माध्यमात घातलेली असतील, त्यावरून टाकलेली २४एच२ पुढची सुरक्षा अपडेट्स स्वीकारत नाही अशा अवस्थेत अडकू शकते. विंडोज अपडेटमार्फत २४एच२ वर आलेल्या मशीनना हा त्रास नाही. उपायही तिथेच दिला होता : १० डिसेंबर २०२४ चं किंवा त्यानंतरचं अपडेट असलेल्या माध्यमातून विंडोज पुन्हा टाकणे.

म्हणजे तंत्रज्ञाने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जे केलं ते त्या दिवशीच्या माहितीप्रमाणे बरोबर होतं. इमेज बसली, मशीन सुरू झाल्या, बिल्ड क्रमांक त्या दिवशीच्या सर्वांत ताज्या सुरक्षा अपडेटचा होता. कोणतीही नेहमीची तपासणी त्या इमेजला पास करूनच पुढे पाठवली असती. दोष दिसायला पुढचा महिना उजाडावा लागला.

फॉन्टचं कोडं याहून सोपं निघालं. मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये मुळातच असतो, त्याला वेगळं काही लागत नाही. पण मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे टंक विंडोज १० पासून मूळ स्थापनेत येत नाहीत. ते ‘देवनागरी पूरक फॉन्ट’ नावाच्या वेगळ्या ऐच्छिक घटकात असतात. मुळात येतो तो निर्मला. ज्या मशीनवर कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा रीतसर जोडली होती, तिथे हा घटक नेटवरून आपोआप उतरला. बाकी ठिकाणी नुसता कीबोर्ड होता, आणि वर्ड ‘मंगल’ हे नाव दाखवून प्रत्यक्षात दुसऱ्या टंकात अक्षरं काढत होतं. ज्या लॅबमध्ये पत्राच्या मांडणीचे गुण मुलांना मिळायचे असतात, तिथे हा दोष सुरक्षा अपडेटइतकाच गंभीर मानायला हवा. मॅडमचं म्हणणं नोव्हेंबरातच ऐकलं असतं, तर इमेजकडे तेव्हाच नजर गेली असती.

पर्याय

विंडोज पुन्हा टाकायची हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता कशी, आणि कोणत्या इमेजने.

पहिला पर्याय सचिवांना आवडलेला : परवाना पोर्टलवरून ताजी तयार इमेज उतरवा आणि टाका. तिथली माध्यमं दर महिन्याला ताजी होतात, त्यामुळे अपडेटचा प्रश्न मिटतो. पण मराठीचे घटक, टंकलेखनाच्या सराव सॉफ्टवेअरला लागणारा डॉटनेट ३.५ हा विंडोजचा जुना घटक, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर हे सगळं चाळीस ठिकाणी हाताने करावं लागलं असतं, आणि हाताने केलेल्या कामात नेमकी ती मंगलसारखी तफावत शिरते. एखाद-दुसऱ्या मशीनसाठी मी हाच पर्याय सुचवला असता. इमेज बनवण्याची हौस असणारे लोक हा पर्याय उगाच हिणवतात.

दुसरा : एक मशीन नीट सजवायची, सगळं सॉफ्टवेअर टाकायचं, मग सिसप्रेप (मशीनची खास ओळख पुसणारं विंडोजचं साधन) चालवून तिचीच इमेज काढायची. नागपुरात काय, कुठेही, संगणक दुरुस्तीवाल्यांची ही आवडती पद्धत. डोळ्यांना दिसतं तेच सगळीकडे जातं, हा तिचा मोठा गुण. पण स्टोअरमधलं एखादं अ‍ॅप एका वापरकर्त्यापुरतं अपडेट झालेलं असलं की सिसप्रेप तिथेच अडतं. शिवाय त्या मशीनवर कळत-नकळत झालेला प्रत्येक बदल इमेजमध्ये उतरतो आणि सहा महिन्यांनी तिच्यात नेमकं काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. नोव्हेंबरच्या इमेजबद्दल आमची हीच पंचाईत होती. तंत्रज्ञाने काय, कोणत्या क्रमाने घातलं याची एका ओळीचीही नोंद नव्हती.

तिसरा : आहे त्याच इमेजवर डिसेंबरचं अपडेट चढवायचं. हा मी लगेच बाजूला ठेवला. जी इमेज संशयित आहे तिच्यावरच नवा थर चढवला आणि ती वरवर बरी दिसली, तरी खात्री कशाची द्यायची?

चौथा, जो निवडला : मूळ, हात न लावलेलं माध्यम घ्यायचं. संगणक सुरू न करता, इमेज फोल्डरमध्ये माउंट करून (म्हणजे उघडून), डिझम या विंडोजच्याच साधनाने तिच्यात घटक आणि अपडेट्स घालायची. प्रत्येक पायरी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाने ओळीने चालवायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये, लिहायची. पुढच्या वेळी बनलेल्या इमेजला हात लावायचा नाही. पुन्हा मूळ माध्यमापासून स्क्रिप्ट चालवायची. सराव सॉफ्टवेअर आणि ऑफिस इमेजमध्ये न घालता विंडोज बसल्यानंतर वेगळ्या स्क्रिप्टने टाकायचं, म्हणजे त्यांची आवृत्ती बदलली तरी इमेज तशीच राहते.

सचिवांची हरकत रास्त होती : “हे तुम्हाला जमेल भाऊ, पण तुम्ही गेल्यावर कोण करणार?” म्हणून अट घातली की स्क्रिप्ट असिस्टंटनेच लिहायची, मी फक्त शेजारी बसायचं. वेळ जास्त गेला. पण एप्रिलमध्ये त्याचा उपयोग झाला.

काम कसं झालं

तयारीतच दोन गोष्टी अडल्या. आयएसओमधून (स्थापना-डिस्कच्या एका फाइलमधल्या प्रतीतून) कॉपी केलेली इन्स्टॉल.विम ही इमेजची फाइल ‘फक्त वाचनासाठी’ अशी खूण घेऊन येते. ती काढल्याशिवाय माउंट करताना परवानगी नसल्याची त्रुटी येते, आणि माणूस अ‍ॅडमिन हक्क तपासत बसतो. दुसरी, अँटिव्हायरस. माउंट केलेल्या फोल्डरमधल्या हजारो फाइलींकडे तो एकेक करून पाहायला लागला की काम रेंगाळतं आणि कधी कमिट (बदल इमेजमध्ये जतन) करताना फाइल सुटत नाही. त्या फोल्डरला तेवढ्यापुरती सूट दिली.

मग इमेजमधल्या आवृत्त्या. एका विम फाइलमध्ये एज्युकेशन, प्रो, एंटरप्राइझ अशा अनेक आवृत्त्या क्रमांकाने असतात, आणि अपडेट प्रत्येकीत वेगळं घालावं लागतं. आम्हाला एकच हवी होती. तीच वेगळी एक्स्पोर्ट करून घेतली, म्हणजे काम एकपट झालं. कोणाकडे विमऐवजी इन्स्टॉल.ईएसडी (जास्त दाबलेली इमेज) असेल, तर तीही आधी अशीच विममध्ये बदलून घ्यावी लागते. ईएसडी माउंट करून तिच्यात काही घालता येत नाही.

इथून पुढे क्रमाला महत्त्व आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

माध्यमात अपडेट लागणाऱ्या जागा एक नाही, तीन आहेत. मुख्य विंडोज, जी इन्स्टॉल.विममध्ये असते. तिच्याच पोटात, सिस्टम ३२ च्या रिकव्हरी फोल्डरमध्ये, विनआरई.विम : मशीन बिघडली की जिथून दुरुस्ती चालते ते छोटं विंडोज. आणि बूट.विम, ज्यावरून पेनड्राइव्ह सुरू होतो. तिच्यातही क्रमांकाने दोन इमेजेस असतात. बहुतेक जण पहिलीच जागा अपडेट करतात आणि काम झालं समजतात.

विनआरई आधी बाहेर काढून घेतली, तिला तिचं स्वतःचं सेफ ओएस अपडेट दिलं, साफ करून, आकार कमी करून जागेवर ठेवली. मग मुख्य विंडोज. तिच्यात सर्वांत आधी मराठीचा मूळ भाषा-घटक आणि देवनागरी पूरक फॉन्ट. हे भाषा आणि ऐच्छिक घटकांच्या वेगळ्या आयएसओत असतात, आणि तो आयएसओ विंडोजच्या त्याच आवृत्तीचा असावा लागतो. हे अपडेटच्या आधी घालण्याचं कारण साधं आहे : त्या आयएसओतले घटक मूळ बिल्डचे असतात. आधी अपडेट आणि मागून घटक असं केलं, तर घटक जुनेच राहतात आणि अपडेट पुन्हा एकदा घालावं लागतं.

त्यानंतर मासिक एकत्रित अपडेट. २४एच२ पासून यात एक नवा पेच आहे. पूर्वी एकत्रित अपडेट म्हणजे एकच फाइल, तिच्यात सुरुवातीपासूनचं सगळं. आता मध्ये ‘चेकपॉइंट’ अपडेट्स येतात आणि पुढची अपडेट्स त्या चेकपॉइंटपासूनचा फरक तेवढाच वाहून आणतात. आमच्या वेळी चेकपॉइंट होता केबी ५०४३०८०, सप्टेंबर २०२४ चा. ऑफलाइन इमेजसाठी तो आणि हवं ते अपडेट, दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवायच्या, तिथे दुसरं काहीही ठेवायचं नाही, आणि डिझमला हव्या त्या अपडेटचं नाव द्यायचं. चेकपॉइंट तो स्वतः शोधून घेतो. असिस्टंटच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तीन महिन्यांची अपडेट्स एकत्र पडलेली होती. तिथूनच काम सुरू करण्याचा त्याचा विचार होता. त्याला वेगळा फोल्डर करायला लावला.

मग साफसफाई, म्हणजे जुन्या घटकांचे बदललेले तुकडे काढून टाकणं. इथे एक निर्णय होता : ‘रिसेटबेस’ लावायचं की नाही. लावलं तर इमेज आणखी लहान होते, पण त्यात घातलेलं अपडेट नंतर काढता येत नाही. नोव्हेंबरच्या अनुभवानंतर मागे फिरायची वाट बंद करणं कोणालाच मानवलं नाही. विनआरईला लावलं, मुख्य विंडोजला नाही.

डॉटनेट ३.५ सर्वांत शेवटी. पहिल्या फेरीत स्क्रिप्टमध्ये ते साफसफाईच्या वर लिहिलं गेलं होतं, आणि साफसफाई ०एक्स८००एफ०८०६ ही त्रुटी देऊन थांबली : प्रलंबित क्रिया शिल्लक. डॉटनेट ३.५ चालू केलं की त्याचं काही काम पहिल्या सुरुवातीपर्यंत लांबणीवर पडतं, आणि असं काम शिल्लक असेपर्यंत इमेज साफ होत नाही. दोन ओळी वरखाली केल्या. डॉटनेटचं स्वतःचं एकत्रित अपडेट त्याच्या मागोमाग.

राहिली बूट.विम. दोन्ही क्रमांकांना तेच अपडेट. दुसऱ्या क्रमांकातून सेटअप आणि सेटअपहोस्ट या दोन फाइली काढून माध्यमाच्या सोर्सेस फोल्डरमध्ये ठेवल्या, कारण बूट.विममधली सेटअप नवी आणि बाहेरची जुनी असली तर स्थापना मध्येच कोलमडू शकते. सेटअपचं डायनॅमिक अपडेटही (स्थापनेच्या फाइलींचं वेगळं अपडेट) त्याच फोल्डरमध्ये उलगडून टाकलं.

शेवटी पेनड्राइव्ह. तयार विम चार जीबीच्या वर गेली होती आणि फॅट ३२ ही पेनड्राइव्हची मांडणी त्याहून मोठी फाइल घेत नाही. असिस्टंट एनटीएफएस ही दुसरी मांडणी करायला निघाला होता. पण एका मॉडेलचा बायोस एनटीएफएसवरून सुरूच होईना. म्हणून विमचे ३८०० एमबीचे तुकडे केले. सेटअप हे तुकडे विनातक्रार वाचतं.

चाचणी

या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्णय इथे आहे. नोव्हेंबरची इमेज चाचणीत नापास झाली नव्हती. तिची नेमकी चाचणीच झाली नव्हती. मग नवी इमेज जानेवारीच्या अपडेटसह बनवली, बसवली, बिल्ड क्रमांक २६१००.२८९४ दिसला, तरी त्यातून काय सिद्ध होतं? तेवढं तर नोव्हेंबरातही दिसलं होतं. ती पुढचं अपडेट घेते का, हे कळायला ११ फेब्रुवारी उजाडावी लागली असती, आणि तोवर चाळीस मशीन पुन्हा अडकलेल्या असत्या.

म्हणून पहिली इमेज मुद्दाम जुनी बनवली. तीच स्क्रिप्ट, पण जानेवारीच्या जागी १० डिसेंबरचं अपडेट, म्हणजे २६१००.२६०५. दोन्ही मॉडेलची एकेक मशीन तिने भरली, नेटला लावली आणि बघत बसलो. जानेवारीचं अपडेट उतरलं, बसलं, मशीन पुन्हा सुरू झाल्या, विनव्हरमध्ये २८९४. तेव्हाच स्क्रिप्टमधलं अपडेटचं नाव बदलून खरी इमेज बनवली.

आणखी दोन तपासण्या केल्या. मॅडमनी त्यांचं ते पत्र दोन्ही मशीनवर उघडलं, पाने जुळली. आणि विनआरईमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडतो का ते पाहिलं. दुरुस्तीचं विभाजन गरजेच्या वेळीच उघडून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. तेव्हा ते उघडत नाही हे कळून काय उपयोग?

निष्पत्ती

जानेवारीच्या अखेरीस, संध्याकाळच्या बॅचेस सुटल्यावर, चाळीसही मशीनवर नवी इमेज टाकली. एजन्सीने पुन्हा तपासणी करून केंद्र दिलं.

खरा निकाल मात्र फेब्रुवारीच्या अपडेटनंतर लागला, आणि तो शंभर टक्के नव्हता. ११ तारखेनंतरच्या आठवड्यात बहुतेक मशीन ताज्या झाल्या. स्थानिक जाळ्यात एकमेकींकडून अपडेट घेण्याची सोय चालू केल्यामुळे नेटवरचा भारही आटोक्यात राहिला. मागच्या रांगेतल्या काही मशीन तेवढ्या जुन्याच बिल्डवर. पुन्हा इमेजवर संशय, पुन्हा धावपळ. कारण भलतंच निघालं : रात्री आठला शिपाई त्या रांगेचा मेन स्विच बंद करायचा, आणि मशीन अपडेट बसवण्याच्या मधल्या टप्प्यावरच विझायच्या. आता महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारपासून तीन दिवस मेन स्विच असिस्टंटच्या हातात असतो. सूचना स्विचबोर्डवरच चिकटवली आहे.

एप्रिलमध्ये एका मशीनची एसएसडी गेली. असिस्टंटने मूळ माध्यमापासून स्क्रिप्ट चालवून मार्चच्या अपडेटसह इमेज बनवली, आणि मला फोन आला तो काम झाल्यावर. सप्टेंबर २०२५ मध्ये २५एच२ आली, ती २४एच२ च्याच पायावरची असल्याने छोट्या पॅकेजने बदल झाला; इमेज टाकाऊ ठरली नाही.

विंडोज १० वरच्या जुन्या संगणकांचा प्रश्न तेव्हा पुढे ढकलला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्या विंडोजचा मोफत आधार संपला, तेव्हा ते नेटपासून तोडून निव्वळ गतीच्या सरावाला ठेवले. परीक्षेच्या भाड्यासाठी आता चाळीसच जागा दाखवतात, आणि सचिव ते दर बैठकीत ऐकवतात.

वेगळं काय करता आलं असतं

ऑक्टोबरची अपडेट्स इमेजमध्ये घातली ती टाळता आली असती का? त्या आठवड्यात ते कोणालाच माहीत नव्हतं. पण २४एच२ स्वतः जेमतेम महिन्याची असताना परीक्षेच्या लॅबसाठी ती निवडण्याची गरज नव्हती. आधीची २३एच२ तेव्हा व्यवस्थित आधारात होती. नवी आवृत्ती घ्यायची घाई ही पुरवठादाराची होती, संस्थेने ती प्रश्न न विचारता उचलली.

दर महिन्याला इमेज बनवण्याचा आग्रह काही जण धरतात. मला तो पटत नाही. अपडेट्स एकत्रित असतात, त्यामुळे तीन महिने जुनी इमेज टाकली तरी वर एकच अपडेट चढतं. इथे तिमाही ठरवली आहे, आणि दोन वेळा नियम मोडायचा : इमेजमध्ये घातलेल्या एखाद्या अपडेटबद्दल इशारा आला तर, किंवा नवीन चेकपॉइंट आला तर. यासाठी ज्ञात अडचणींची यादी महिन्यातून एकदा वाचणं हे असिस्टंटच्या कामात लिहून दिलं आहे. डिसेंबरात कोणी ती वाचली असती, तर जानेवारीचा शेरा मिळालाच नसता.

इमेजसोबत आता एक पानाची नोंद असते : मूळ आयएसओची हॅश (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडा), घातलेली अपडेट्स क्रमाने, तारीख, आणि कोणत्या मशीनवर पुढचं अपडेट बसलेलं पाहिलं. पेनड्राइव्हवर महिना रंगवला आहे, आणि जुना पेनड्राइव्ह कपाटात न ठेवता लगेच पुसायचा. नोव्हेंबरचा एक पेनड्राइव्ह मार्चमध्ये कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये सापडला होता.

डॉटनेट ३.५ चा लोढणा अजून आहे. तो काढायचा तर सराव सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी, आणि ती बनवणाऱ्याने अजून दिलेली नाही. ती येईपर्यंत स्क्रिप्टमधल्या त्या दोन ओळींच्या वर मराठीत एक टीप राहील : या ओळी साफसफाईच्या खालीच ठेवा.